आईवरचा ठपका आणि आईच्या हातची शिकवण

बैठकीत हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले की बायका लगेच उठत नाहीत. मनातलं बोलणं तेव्हाच निघतं. वेगवेगळ्या गावांत आमच्या कानावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली. "पोरगं चार वर्षांचं झालं, हाक मारली तर बघत नाही." "गाडीचं चाक तासन्‌तास फिरवत बसतो." "आधी पाणी म्हणायची, आता तेही बंद झालं." आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट येते. घरातली बोटं आईकडं वळतात. हिनं ग्रहण पाळलं नाही, ही कामावर जायची, हिनंच मोबाइल हातात दिला.

या मुलांच्या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात, डॉक्टर ऑटिझम म्हणतात. अशा मुलाची बोलण्याची, माणसांत मिसळण्याची, आवाज-स्पर्श सोसण्याची रीत जन्मापासूनच वेगळी असते. या मुलांना शिकवण्याची एक पद्धत आहे, तिला वर्तन उपचार म्हणतात. ती कुठून आली, तिच्यात चांगलं काय, वाईट काय घडलं, आणि आईवर ठपका ठेवण्याची रीत फक्त आपल्याकडचीच आहे का, हे आज सांगायचं आहे. आम्ही डॉक्टर नाही. वाचून, जाणत्यांना विचारून जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

नाव कसं पडलं

ऑटिझम हा शब्द १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी वापरला, पण तो मोठ्या माणसांच्या एका मानसिक आजाराबद्दल होता. लहान मुलांची अशी ठेवण बारकाईनं लिहून ठेवली ती एका बाईनं. त्यांचं नाव ग्रुन्या सुखारेवा. १९२५ साली मॉस्कोत काम करताना त्यांनी सहा मुलग्यांची हकिगत छापली. पण पुढं कितीतरी वर्षं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. बाईचं काम मागं पडणं आपल्याला नवं नाही.

जगाला ही अवस्था माहीत झाली ती १९४३ मध्ये. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी अकरा मुलांबद्दल निबंध लिहिला, आठ मुलगे आणि तीन मुली. त्यातला पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना मुलाबद्दल ३३ पानांचं पत्र पाठवलं होतं. तो काय खातो, काय मोजतो, कशाला घाबरतो, सगळं त्यात होतं. डॉक्टरांच्या निबंधाचा पाया हे पत्र होतं. म्हणजे या विद्येचं पहिलं पान घरच्या माणसांच्या निरीक्षणानं लिहिलं गेलं.

त्याआधी काय झालं तेही ऐका. डोनाल्ड तीन वर्षांचा असताना, १९३७ मध्ये, त्याला घरापासून लांब एका संस्थेत ठेवलं. त्या काळी डॉक्टरांचा सल्लाच तसा असे: ठेवा आणि विसरा. साधारण वर्षभरानं आईवडील गेले आणि त्याला घरी घेऊन आले. नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला जवळच्याच एका शेतकरी जोडप्याकडं राहायला ठेवलं. त्याला मोजायचा नाद होता, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगायला लावलं. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर नांगर धरून मोज म्हणाले. मेलेले पक्षी-किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी शेताच्या कोपऱ्यात जागा दिली. कॅनर स्वतः तिथं गेले, ते सगळं पाहिलं आणि पुढं लिहून ठेवलं.

हाच डोनाल्ड पुढं कॉलेज शिकला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, एकट्यानं देशोदेशी फिरला. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो वारला. तो स्वमग्नच राहिला. पण गावानं त्याला आपला मानलं. त्याच्या घरी पैसा होता, बँकेत घरच्यांचा हिस्सा होता, हेही सांगायला हवं. सगळ्यांना असं मिळत नाही.

ठपका

आता वाईट भाग. कॅनर यांनीच १९४९ च्या लेखात असं लिहिलं की या मुलांचे आईबाप थंड स्वभावाचे दिसतात, जणू मुलांना फ्रिजमध्ये ठेवलंय. तिथून 'फ्रिजसारखी आई' अशी म्हणच पडली. शिकागोमध्ये मुलांची एक निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून हे घरोघरी पोचवलं. आईला मूल नकोसं असतं म्हणून ते स्वतःत मिटून जातं, असं ते सांगत. मुलाला आईपासून तोडणं हाच त्यांचा उपाय होता. त्यांच्याकडं वैद्यकीची पदवी नव्हती, पण लोकांनी त्यांचं ऐकलं.

हजारो आयांनी तो ठपका वर्षानुवर्षं सोसला. डॉक्टरकडं मुलाला न्यायचं आणि उलट आपलीच तपासणी व्हायची. आपल्याकडं ग्रहण म्हणतात, तिकडं मायेचा कोरडेपणा म्हणाले. भाषा शिकलेल्यांची होती, पण बोट त्याच बाईकडं होतं.

या समजाला धक्का दिला एका बापानं. बर्नार्ड रिमलंड अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा मुलगा मार्क तान्हा असल्यापासून न थांबता रडायचा. आपल्या बायकोनं मुलाला काय कमी केलं, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांनी मिळेल ते सगळं संशोधन वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक छापलं. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतून येते, आईच्या वागण्यातून नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. पुढच्याच वर्षी आईबापांनी मिळून अमेरिकेत देशभराची संघटना काढली. १९६९ मध्ये याच संघटनेच्या सभेत म्हातारे झालेले कॅनर उभे राहिले आणि आईबापांना त्यांनी दोषमुक्त केलं.

१९७७ मध्ये इंग्लंडमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी स्वमग्न जुळ्यांचा अभ्यास केला. अगदी एकसारख्या जुळ्यांत दोघंही स्वमग्न असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त निघालं. यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे त्यावरून दिसलं.

लसीचंही सांगून टाकू. १९९८ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरनं फक्त बारा मुलांवरून लिहिलं की गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध असावा. तपासात ते काम खोटं निघालं. २०१० मध्ये मासिकानं तो लेख मागं घेतला आणि त्या डॉक्टरचा परवाना गेला. लस चुकवू नका. गोवर जीव घेतो.

चष्म्याची गोष्ट

एकीकडं आयांवर ठपका चालू होता, तेव्हा काही तरुण संशोधक वेगळाच प्रश्न विचारत होते. मूल असं का झालं हे तूर्त बाजूला ठेवा, त्याला शिकवता येईल का ते बघा. बी. एफ. स्किनर यांनी उंदीर-कबुतरांवरच्या प्रयोगांतून एक साधा नियम मांडला होता. ज्या कृतीनंतर हवंसं काही मिळतं, ती कृती पुन्हा होते. काही मिळत नाही, ती कमी होते. हा नियम आपल्याला पुस्तकाशिवायही ठाऊक असतो. रडल्यावर गोळी मिळते हे कळलेलं पोर दुकानापुढं रोज रडतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. लेखात त्याचं नाव डिकी दिलं आहे. मोतीबिंदूमुळं त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढलेली होती. चष्मा लावला नाही तर नजर कायमची जाणार, असं डॉक्टर सांगत होते. आणि तो चष्म्याला हात लावू देत नव्हता. किंचाळायचा, डोकं आपटायचा. घरच्यांचे सगळे उपाय थकले होते. माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी १९६४ मध्ये त्याची हकिगत छापली.

त्यांनी काय केलं? आधी खोलीत काचा नसलेल्या नुसत्या चौकटी ठेवल्या. त्यानं चौकटीला हात लावला की खाऊचा तुकडा. मग उचलली की खाऊ. मग तोंडाजवळ नेली की, मग डोळ्यांजवळ आणली की. चौकट अंगवळणी पडल्यावर काचा आल्या. दवाखान्यातून घरी जाईपर्यंत त्यानं सगळे मिळून ६०० तासांहून जास्त चष्मा लावला होता. आईवडिलांनाही तिथंच पायरी-पायरीनं हे शिकवलं, म्हणून घरी गेल्यावरही ते टिकलं. त्या प्रयोगात त्याचं जेवणच बक्षीस म्हणून वापरलं होतं. आज असं उपाशी ठेवून कुणी शिकवू नये. पण मोठ्या कामाच्या बारीक पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक पायरीला शाबासकी द्यायची, हा धडा तिथून पुढं जगभर गेला.

आपण पोरीला भाकरी शिकवतो तेव्हा दुसरं काय करतो? आधी पीठ चाळ, मग मळ, मग छोटा गोळा थाप. पहिल्या दिवशी काठ फाटला म्हणून परातीवरून उठवत नाही.

लोव्हास: यश आणि डाग

या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे इव्हार लोव्हास. नॉर्वेत जन्मलेले, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात काम करणारे. स्वतःला चावणारी, डोकं फोडून घेणारी, कायम कोंडून ठेवलेली मुलं त्यांनी हाती घेतली आणि काहींना बोलायला शिकवलं. पण त्यासाठी त्यांनी मारलंही. ओरडणं, चापट्या, विजेचे झटकेसुद्धा. १९६५ मध्ये अमेरिकेच्या एका मोठ्या मासिकात त्याचे फोटो छापून आले. तेव्हा पुष्कळांना ते चालण्यासारखं वाटलं. आज ते वाचताना अंगावर काटा येतो.

१९७३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट कबूल केली, ती आपल्यासाठी फार मोलाची आहे. उपचार संपल्यावर जी मुलं पुन्हा संस्थेत गेली, ती शिकलेलं विसरली. ज्यांच्या आईबापांना ही पद्धत शिकवली होती आणि जी घरी राहिली, त्यांचं शिकणं टिकलं. ज्या आईला मुलापासून तोडा म्हणत होते, तिच्याशिवाय शिकवण टिकत नाही, हे प्रयोगशाळेतूनच बाहेर आलं.

१९८७ च्या त्यांच्या लेखानं जगभर खळबळ उडाली. १९ लहान मुलांना दोन वर्षं किंवा जास्त, आठवड्याला ४० तास शिकवलं. त्यातली नऊ साध्या शाळेत पहिली पास झाली. आईबापांना आशा आली, पण त्यावर टीकाही झाली. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटली नव्हती, त्यामुळं तुलना कच्ची होती. या उपचारातही मोठ्यानं "नाही" म्हणणं आणि मांडीवर चापट हे होतंच. आणि आठवड्याला ४० तास शिकवायला कोणत्या आईला उसंत आहे? शेत, गोठा, पाणी, स्वयंपाक कोण करणार?

मुलांची बाजू

पुढच्या वर्षांत वारं बदललं. बेटलहाइम यांचं काम जवळून पाहून वैतागलेले एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून उत्तर कॅरोलायना राज्यात आईबापांनाच सोबतीचे शिक्षक मानणारी योजना चालवली. दिवसात काय काय होणार हे चित्रांनी दाखवायचं, जागा ठरलेली ठेवायची, म्हणजे मूल गोंधळत नाही. इंग्लंडच्या लोर्ना विंग, ज्या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या, त्यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर १९७९ मध्ये दाखवलं की या अवस्थेच्या खूप छटा असतात. कुणी बोलतच नाही, कुणी घडाघडा बोलतं पण माणसांत अडखळतं.

आणि मोठी झालेली स्वमग्न माणसं स्वतः बोलू लागली. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी आईबापांना उद्देशून लिहिलं की आमच्यासाठी शोक करू नका. लहानपणी असा उपचार घेतलेल्या काहींनी सांगितलं की आम्हाला हात हलवू दिले नाहीत, बळजबरीनं डोळ्यांत बघायला लावलं, आम्ही शिकलो पण आतून घाबरलेले राहिलो. हे ऐकायलाच हवं. हात फडफडवल्यानं कुणाचं नुकसान होत नाही, उलट त्या मुलाचा जीव शांत होतो. मग ते मोडायचं कशाला? शिकवायचं ते त्याच्या उपयोगाचं असावं. भूक लागली हे सांगता येणं, संडासला जाता येणं, रस्त्यावर थांबता येणं.

कुकरची शिट्टी झाली की पोर किंचाळतं. घरचे म्हणतात हट्टी आहे. आजची वर्तन उपचाराची चांगली ताई आधी तीन गोष्टी विचारेल: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. मग कळतं की त्याला तो आवाज सोसत नाही. उपाय सोपा असतो. शिट्टीआधी त्याला अंगणात न्या, किंवा कान झाकायला शिकवा. मारून आवाजाची भीती जात नाही, तिच्यात आईची भीती वाढते.

आपल्या देशात

भारतात या कामाची घडी एका आईनं बसवली. दिल्लीच्या मेरी बरुआ यांचा मुलगा स्वमग्न. १९९१ मध्ये त्यांनी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली, पुढं शाळा काढली, आई आणि मूल दोघांनी मिळून यायचं असं प्रशिक्षणही सुरू केलं. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 'उम्मीद' हे बालविकास केंद्र काढलं.

कायद्यात नाव यायला मात्र वेळ लागला. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्या शाळेत अशी मुलं घेत नाही" असं कुणी म्हणालं तर हा कायदा सांगा.

आता शेजारच्या गोव्याची गोष्ट. तिथल्या 'संगात' या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून एक प्रयोग केला, त्याचा निकाल २०१६ मध्ये छापला गेला. मूळ पद्धत इंग्लंडची. तिथं ती शिकलेले तज्ज्ञ चालवत. इथं तेवढे तज्ज्ञ कुठून आणायचे? म्हणून डॉक्टर नसलेल्या, आपल्यासारख्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं. दोन्ही देशांत मिळून ६५ मुलं होती, २ ते ९ वर्षांची. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रण होतं, मग दोघी ते बघतात आणि आईला दाखवतात की बघ, इथं त्यानं तुझ्याकडं पाहिलं, इथं तू थांबलीस म्हणून तो पुढं आला.

निकाल काय लागला? या घरांतल्या आईबापांचं मुलांशी सूर जुळवून बोलणं वाढलं, मुलंही आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचं मोजमाप मात्र कमी भरलं, तेही संशोधकांनी छापलं. जादू झाली नाही. पण गावपातळीवरची बाई हे काम करू शकते, हे सिद्ध झालं. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आया एकच गोष्ट शिकत होत्या, हे आम्हाला फार आवडलं.

गटांनी काय करायचं

पहिलं, शंका आली की थांबू नका. वर्षाचं मूल नावाला वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, दीड वर्षात शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सेविकेला तारीख विचारून मूल दाखवा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. कान तपासून घ्या, कधी कधी ऐकूच येत नसतं.

दुसरं, कागद. दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. या कामी आईबरोबर गटातली एक बाई जावी. एकटीला तीन खेपा होतात, दोघी असल्या की कारकूनही नीट बोलतो.

तिसरं, घरची शिकवण. एका वेळी एकच काम धरा. सदरा घालायला शिकवताना आईनं सगळं करावं आणि शेवटची ओढ तेवढी मुलाला द्यावी. ती जमली की त्याच्या आधीची पायरी. जमलं की लगेच शाबासकी, पण त्याला आवडेल ती: कुणाला गुदगुल्या, कुणाला चाक फिरवणं, कुणाला शेंगदाणे. रोज दहा-पंधरा मिनिटं, थकलं की थांबा. मार नको, कोंडणं नको, बांधून ठेवणं नको.

चौथं, पूर्ण बरं करतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ऑटिझम पुसून टाकणारं औषध नाही. त्यासाठी गटातून कर्ज उचलायला कुणी आलं तर आधी बसून बोला.

पाचवं, आणि हे सगळ्यांना जमतं. बारशाला, हळदी-कुंकवाला त्या आईला मुलासकट बोलवा. मूल ओरडलं तर वाट द्या, बघत उभ्या राहू नका. बैठकीच्या दिवशी तासभर कुणी तरी त्याला सांभाळलं तर ती आई आपली वही स्वतः लिहील.

कॅनर यांना आयांना दोषमुक्त करायला वीस वर्षं लागली. आपल्या गावात ते काम पुढच्या बैठकीत होऊ शकतं. हप्ते झाले, सह्या झाल्या की कुणी तरी मोठ्यानं म्हणायचं आहे, "वहिनी, यात तुमचा काही दोष नाही. बुधवारी पथक येतंय, आम्ही बरोबर येतो."